आठशे सहासष्ट काळे फोटो

"ताई, आधी इकडे या. बाबांनी अंधाऱ्या खोलीला आतून कडी लावलीय. दार उघडत नाहीत."

फोनवर मास्तरांचा मुलगा होता. चिमटाताईनं दुकानाचं शटर अजून अर्धंच वर केलं होतं.

"काय झालं ते तरी सांग."

"कॅमेऱ्याचं दोन नंबरचं कार्ड. रविवारच्या लग्नाचं. रिकामं निघालं."

"पुन्हा?"

"पुन्हा. एकसुद्धा फोटो नाही."

तिनं शटर तसंच खाली ओढलं आणि निघाली.

चिमटाताई कॅमेरे दुरुस्त करायची आणि कार्डांतून गेलेले फोटो परत काढून द्यायची. हातात सदान्‌कदा लोखंडी चिमटा, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. चिमटा हातात नसला तर जिभेनं काढते, असंही लोक म्हणायचे, आणि त्यात काही खोटं नव्हतं. आज तेच तिला खुपत होतं.

महिन्याभरापूर्वी मास्तर असंच एक रिकामं कार्ड घेऊन तिच्याकडे आले होते. शाळेच्या वर्गांचे फोटो होते. बरोबर काकू होत्या, मुलगा होता. तिघं बाकड्यावर ओळीनं बसली, जशी दवाखान्यात बसतात. कार्ड फॉरमॅट झालं होतं, बाकी धडधाकट. तासाभरात तिनं सगळे फोटो परत काढले आणि तिघांना समजावलं, "फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागच्या जागी असतात. फक्त त्या कार्डावर नवीन फोटो काढायचे नाहीत. एकदा वर दुसरं काही लिहिलं गेलं, की मग ब्रह्मदेव आला तरी हात टेकेल."

एवढ्यावर थांबली असती तर बरं. पण जीभ वळवळली. "मास्तर, बटण तुम्हीच दाबलं असणार. साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!"

सगळे हसले. मास्तरही हसले. जाताना मात्र दुकानाच्या पायरीवर घुटमळले आणि म्हणाले, "मला खरंच आठवत नाही गं दाबल्याचं."

तिनं ते कानाआड केलं होतं.

*

मास्तरांचा फोटो स्टुडिओ खाली आणि घर वर. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर लाल रंगात मास्तरांनी स्वतः रंगवलेले नियम. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. कॉपी चालू असताना कार्ड ओढू नये. बॅटरी मरायला टेकली की फोटो थांबवावेत. कार्ड गळ्यापर्यंत भरू नये. काम संपताच कुलूप सरकवावे. घोटाळा झाल्यास कार्डाला हात न लावता चिमटाताईकडे न्यावे. त्याखाली जुन्या व्हिडिओ कॅसेटींचं कपाट, प्रत्येकीवर काकूंच्या गोल अक्षरातली चिठ्ठी. कॅसेटींचा जमाना होता तेव्हा तो सगळा कारभार काकूंकडे असायचा. बारा वर्षं त्यांनी लोकांच्या लग्नांच्या कॅसेटी एकावरून दुसरीवर उतरवल्या होत्या.

दारात छत्रीकाका उभा होता. पंचवीस वर्षं मास्तरांसाठी लाइटची पांढरी छत्री धरणारा माणूस. स्वतःच छत्रीच्या दांड्यासारखा झाला होता.

"काका, फ्लॅश चालतोय ना?"

"झकास चालतोय. मंगळवारी तुमच्याकडे बसून दुरुस्त करून नेला, तसाच आहे."

"बसून कसला? साडेबारापासून तीनपर्यंत माझ्या बाकड्यावर घोरत होतात. दोन गिऱ्हाइकं पळाली."

एरवी काका यावर खो खो हसला असता. आज नुसती मान हलवली. "ताई, त्यांना बाहेर काढा हो. उद्या पाटी उतरवायची म्हणतात."

अंधारी खोली मागच्या बाजूला. पूर्वी इथे रोल धुतले जायचे. दारापाशी काकू उभ्या होत्या, ताटकळून पाय दुखले तरी न हललेल्या. डोळे सुजलेले. मुलगा पायरीवर डोकं धरून बसला होता.

चिमटाताईनं दारावर दोनदा टकटक केलं. "मास्तर, रोल धुताय का? दार उघडलं तर उजेडानं खराब होईल का?"

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग कडी सरकली.

मास्तर स्टुलावर बसले. दाढी वाढलेली. समोर टेबलावर कॅमेरा, वही आणि कार्डं ठेवायची निळी कापडी पिशवी.

"दार लावून घे," ते म्हणाले. "तुला एकच विचारायचंय. खोटं बोलायचं नाही. माझं डोकं चाललंय का?"

"मास्तर, मी कॅमेऱ्यांची डॉक्टर. माणसांची नव्हे."

"माणसांच्या डॉक्टरकडे उद्या दहा वाजता जायचंय. मेंदूच्या. हिनं वेळ घेतलीय. तो काय म्हणेल ते म्हणेल. त्याआधी मला तुझ्याकडून हवंय. चूक माझी असेल तर कॅमेरा खाली ठेवतो. दुसऱ्यांच्या लग्नाचा सत्यानाश करायला मी मोकळा नाही."

त्यांचा आवाज फुटला.

"पहिल्यापासून सांगा."

"रविवारी लग्न झालं. सहाशे बारा फोटो. घरी आलो, कार्डाचं कुलूप सरकवलं, पिशवीत ठेवलं. म्हणजे मला वाटतं, सरकवलं."

"कुलूप आत्ता लागलेलंच आहे?"

"लागलेलंच आहे."

कार्डाच्या कडेला ती बारकी पट्टी असते. सरकवली की कार्डावर काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही. चिमटाताईनं मनात नोंद केली.

"रविवारीच कॉपी का नाही केले?"

मास्तरांनी मान खाली घातली. "भीती वाटली. गेल्या वेळेपासून कार्डाला हात लावायचीच भीती वाटते. पोराला म्हटलं, तू हात लावू नकोस, मीच करीन, ताज्या डोक्यानं. सोमवार गेला, मंगळवार गेला. काल बुधवारी एक ओळखपत्राचं गिऱ्हाईक आलं. चार नंबरचं कार्ड घातलं आणि फोटो काढले. पहिले पाच धूसर; घरातही सगळ्यांना दाखवले. पस्तीस वर्षांत माझा ओळखपत्राचा फोटो कधी धूसर आला नाही. आणि हे बघ."

त्यांनी वही पुढे केली. प्रत्येक कामाचा पहिला आणि शेवटचा फोटो नंबर लिहायची त्यांची जुनी सवय. कॅमेरा आपल्या फोटोंना ओळीनं नंबर देत जातो, कार्ड कुठलंही घाला. रविवार, शेवटचा फोटो: ४७१८. बुधवार, पहिला फोटो: ५५८५.

"४७१८ नंतर ४७१९ यायला हवा होता," मास्तर म्हणाले. "म्हणजे रविवारी मी आकडासुद्धा चुकीचा लिहिला. आज सकाळी धीर करून दोन नंबरचं कार्ड लावलं. तर हे असं." मग हलक्या आवाजात म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. आता सकाळी हृदयाची गोळी घेतली की नाही तेही नक्की वाटत नाही. वाटतं, घेतली असं नुसतं वाटतंय. मग परत घेतो. कधी दोनदा होत असेल."

"अहो मास्तर! काकूंना विचारत का नाही?"

"तिला आणखी काय काय सांगू? आधीच तिनं अंथरूण धरायचं बाकी ठेवलंय."

साठी बुद्धी नाठी. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

"द्या ते कार्ड," ती म्हणाली.

पिशवी नाडीची होती. तिनं चिमटा आत घातला आणि टक्‌कन काहीतरी झालं. चिमटा कापडाला चिकटला. तिनं तो ओढून सोडवला, पुन्हा जवळ नेला. पुन्हा टक्‌. अस्तराच्या आत चपटं, गोल काहीतरी होतं. चारी बाजूंनी नीट टाके घातलेले.

तिनं पिशवी घेऊन दार उघडलं. "ही पिशवी कोणी शिवली?"

"मी," काकू म्हणाल्या. "दोन महिने झाले. का गं?"

"आत चुंबक आहे."

छत्रीकाकानं कपाळावर हात मारला. "घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा! चुंबकानंच पुसलं की हो सगळं!"

"काहीतरीच काय काका," मुलगा वैतागून म्हणाला. "कार्डाला चुंबकानं काही होत नाही. ती काय कॅसेट आहे?"

"बरोबर," चिमटाताई म्हणाली. "कॅसेट पुसली जाईल. कार्डाला ढिम्म काही होत नाही."

काकूंनी पिशवी हातात घेतली. "जुन्या पर्सचं कापड होतं. तिच्या बटणातलं राहिलं असेल आत. माझं लक्ष नाही गेलं." मग मास्तरांकडे वळून त्या म्हणाल्या, "अहो, आणि त्या धूसर फोटोंचं मनाला लावून घेऊ नका. लेन्सचं बटण सरकलं असेल कशानं तरी. त्याला कोण काय करणार?"

मास्तरांनी वही मिटली.

*

चिमटाताईनं कॅमेरा आणि कार्ड ताब्यात घेतलं. निघण्याआधी तिनं एकेकाला बाजूला घेतलं. आधी मुलगा.

"मंगळवारी तू कुठे होतास?"

"घरीच. वरच्या खोलीत, कॉम्प्युटरवर. कानात हेडफोन. एक व्हिडिओ जोडत होतो."

"बाबांनी फोटो सोडावेत असं तुला वाटतं?"

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "वाटतं. मार्चमध्ये एका लग्नात ते स्टुलावरून खाली कोसळले. हृदय अशक्त झालंय म्हणाले डॉक्टर. नऊ-नऊ तास उभं राहणं बंद, बॅग उचलणं बंद. ऐकतात का? जित्याची खोड. मी भांडलो, आई पाया पडायची बाकी राहिली. म्हणतात, मरेन तर कॅमेरा हातात धरून मरेन."

"एखादं कार्ड असं पुसायचं असेल की मलासुद्धा फोटो परत मिळू नयेत, तर तू काय करशील?"

"माझ्यावर संशय आहे?"

"विचारलं तेवढं सांग."

"कॉम्प्युटरला लावून रिकामं करीन, एखादा मोठा सिनेमा त्यावर कॉपी करीन आणि मग फॉरमॅट. पाच मिनिटांचं काम." तो तिच्याकडे रोखून बघत होता. "पण मी केलेलं नाही, ताई."

मग छत्रीकाका.

"काका, ही कार्डं आणली कोणी?"

"मी. नेहमीच्या दुकानातून, पक्क्या पावतीनं. रस्त्यावरचं बनावट कार्ड मास्तरांना दिलं तर ते माझीच छत्री माझ्या डोक्यात घालतील."

"कॅमेऱ्याला हात लावता तुम्ही?"

"पंचवीस वर्षांत नाही. छत्री माझी, कॅमेरा त्यांचा. ते ठरलेलंच आहे."

शेवटी काकू.

"काकू, मंगळवारी दुपारी घरात कोण कोण होतं?"

"आम्ही तिघंच. हे जेवून एकला आडवे झाले, ते तीनला उठले. नवीन गोळीनं झोप लागते त्यांना गाढ."

"खाली स्टुडिओत कोणी?"

"कोणी नाही. मी होते येऊन जाऊन, झाडपूस करत."

"तुम्हाला हा कॅमेरा चालवता येतो?"

"छे गं बाई! मला मोबाईल धड येत नाही. माझं शहाणपण कॅसेटींबरोबर संपलं." काकूंनी तिचा हात धरला. हात गार होता. "ताई, फोटो मिळतील का गं?"

"बघते. आधी सांगण्यात अर्थ नाही."

*

दुकानात तिनं सगळ्यात आधी कॅमेऱ्याचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. मग कार्ड तपासलं. अस्सल. आकार छापला तेवढाच, कुठे खराब जागा नाही, टोकांवर गंज नाही. कार्ड ठणठणीत होतं. फॉरमॅट झालं होतं, आणि तेही कॅमेऱ्यातच.

तिनं गेलेले फोटो शोधायचा प्रोग्रॅम चालू केला आणि चहा मागवला. चहा आला, गार झाला. अकराच्या सुमाराला पहिला फोटो पडद्यावर आला.

काळा.

दुसरा काळा. तिसरा काळा. ती खुर्चीत पुढे सरकली. पन्नासावा काळा. तीनशेवा काळा. नवरी नाही, नवरा नाही, पाहुणे नाहीत. प्रोग्रॅम थांबला तेव्हा आकडा आला, आठशे सहासष्ट. सगळे पूर्ण काळे. कार्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत अंधारानं भरलं होतं.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

डिजिटल फोटो मुका नसतो. कधी काढला, कसा काढला, त्याच्या पोटात सगळं लिहिलेलं असतं. तिनं पहिला उघडला. नंबर ४७१९. मंगळवार, दुपारी एक वाजून बारा मिनिटं. लेन्स हातानं जुळवायच्या खुणेवर. शेवटचा, ५५८४. दोन वाजून छत्तीस.

मग तिनं वेळा एकाखाली एक लावल्या. एक फोटो, पाच सेकंद. एक फोटो, पाच सेकंद. ओळच्या ओळ अशीच. फक्त एका ठिकाणी, चारशे बाराव्या फोटोनंतर, अकरा मिनिटं काहीच नव्हतं. मग पुन्हा एक फोटो, पाच सेकंद.

ती त्या अकरा मिनिटांकडे फार वेळ बघत बसली. कोण हे तिला कळलं होतं. कळायला नको होतं असंही वाटत होतं. एक वेडा विचार मनात आलाच, की सांगावं कार्ड बिघडलं होतं, प्रकरण मिटवावं. पण मग ती दोनदा घेतलेली गोळी आठवली.

*

चार वाजता ती परत आली. मास्तर स्टुडिओतल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले होते. पाठीमागे करडा पडदा. मुलगा, काका, काकू उभे.

"मास्तर, आपण दोघंच बोलू या का?"

"नको. पाटी उतरायची ती सगळ्यांसमोर उतरू दे. बोल."

"लग्नाचे फोटो गेले. कायमचे. ते मी आणू शकत नाही." ती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. "पण घालवले तुम्ही नाहीत. तुमचं डोकं शाबूत आहे. या घरात ते तेवढंच शाबूत आहे म्हटलं तरी चालेल."

मास्तर खुर्चीत सावरून बसले.

"वहीतला तुमचा आकडा बरोबर होता. रविवारी शेवटचा फोटो ४७१८. बुधवारी पहिला ५५८५. मधले आठशे सहासष्ट फोटो मंगळवारी दुपारी, तुम्ही झोपलेले असताना, याच कॅमेऱ्यानं निघाले. लेन्सला टोपी घालून. सगळे काळे. लग्नाचे फोटो सहाशे बारा होते, पण काळा फोटो हलका असतो, म्हणून कार्ड भरायला जास्त लागले. आधी कुलूप काढून कार्ड फॉरमॅट केलं, काळ्या फोटोंनी भरलं, पुन्हा फॉरमॅट केलं, कुलूप होतं तसं सरकवलं, कार्ड पिशवीत ठेवलं. फक्त एक राहून गेलं. टोपी घातल्यावर लेन्सला काही दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय ती बटण दाबू देत नाही. म्हणून ती हातानं जुळवायच्या खुणेवर टाकावी लागते. ती खूण परत फिरवायची राहिली. बुधवारचे तुमचे पाच फोटो त्यामुळे धूसर आले. तुमच्या डोळ्यांमुळे नाही, डोक्यामुळेही नाही."

"कोण?" मुलगा म्हणाला. "कोणी केलं हे?"

"तू नाहीस. तू पाच मिनिटांत कॉम्प्युटरवर उरकलं असतंस. आणि कॅमेरा घेतलाच असता, तर सलग फोटो काढायची कळ दाबून मिनिटा-दोन मिनिटांत मोकळा झाला असतास. हे फोटो एकेक करून काढलेत. एकदा दाबायचं, थांबायचं, पुन्हा दाबायचं. रोलच्या काळात दर फोटोनंतर खटका ओढावा लागायचा. त्या काळात शिकलेला हात अजून तेवढा थांबतो."

सगळ्यांच्या नजरा छत्रीकाकाकडे वळल्या. काकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका तेव्हा माझ्या बाकड्यावर घोरत होते. त्यांच्या घोरण्याची साक्ष मी कोर्टातसुद्धा देईन." कोणी हसलं नाही. ती तशीच पुढे बोलत राहिली. "आता ती पिशवी. नाडीच्या पिशवीला चुंबकाचं बटण कशाला लागतं? चुकून राहिलेल्या वस्तूला कोणी चारी बाजूंनी टाके घालत नाही, तेही पिशवीच्याच निळ्या दोऱ्यानं. ते मुद्दाम शिवलेलं आहे. चुंबकानं फोटो पुसले जातील असं आज कोणाला वाटेल? ज्याच्या हातून बारा वर्षं कॅसेटी गेल्यात त्यालाच. महिनाभर वाट पाहिली, काही झालं नाही. मग शाळेचं कार्ड फॉरमॅट केलं. ते मी परत आणलं, आणि वर शहाण्यासारखं बाकड्यावर बसवून सांगितलं की फोटो कायमचे घालवायचे कसे. धडा मीच शिकवला."

तिनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"सकाळी मास्तर एवढंच म्हणाले की फोटो धूसर आले. लेन्सचं बटण सरकलं असेल, असं एकच माणूस म्हणालं. मोबाईल धड येत नाही म्हणणारं." तिचा आवाज खाली आला. "काकू."

"आई?" मुलगा म्हणाला.

काकूंनी नाकारलं नाही. त्या पडद्याच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. "रोल मीच धुवायचे मागच्या अंधाऱ्या खोलीत," त्या म्हणाल्या. "हा तेव्हा जन्मलाही नव्हता. मला काय येत नाही? विचारलंय कोणी कधी?"

"का केलंस?" मास्तरांनी विचारलं.

"मार्चमध्ये तुम्ही पडलात तेव्हा मला निरोप आला, पडले, उठत नाहीत. रिक्षा मिळेपर्यंत मी विधवा झाले होते. चौथ्या दिवशी तुम्ही पुन्हा बॅग खांद्याला लावलीत. हात जोडले. डॉक्टरांनी सांगितलं, पोरानं सांगितलं. तुम्ही हसलात! हृदयाला भीत नाही हा माणूस. आधी वाटलं, फोटो गेले की कामं सुटतील. मग ताई दुकानात ते बोलली, साठी बुद्धी नाठी, आणि तुमचा चेहरा उतरलेला मी पाहिला. म्हटलं, हृदयाला नाही तर डोक्याला तरी भिईल. घरी बसेल. जिवंत राहील."

"आणि ती अकरा मिनिटं?" चिमटाताईनं विचारलं. "मधे तुम्ही थांबलात."

काकूंना आता रडू आवरेना. "वर यांना ठसका लागला. श्वास नीट आहे ना बघायला गेले. उशी सारखी केली. पायाशी बसले जरा. मग खाली आले आणि उरलेले काढले."

छत्रीकाकानं तोंड फिरवलं. चिमटाताईला ते बोलायचं नव्हतं, पण बोलावं लागणार होतं.

"काकू, स्वतःवरचा भरवसा उडाल्यापासून मास्तर गोळी घेतली की नाही याचीही खात्री धरत नाहीत. कधी कधी दोनदाही घेतली असेल. हृदयाची गोळी."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "दोनदा? कधीपासून? अहो, मला का नाही विचारलंत?"

"तू घाबरशील म्हणून," मास्तर म्हणाले.

"रोगापेक्षा औषध भयंकर केलं मी," काकू पुटपुटल्या.

"पहिला दोष माझ्या जिभेचा," चिमटाताई म्हणाली. "मास्तर, मी गमतीनं बोलले होते. मला माफ करा."

मास्तरांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते स्वतःशीच आकडा म्हणत होते. "४७१८. बरोबर लिहिला होता मी. बरोबर लिहिला होता." आणि त्यांनी चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले. सुटल्यासारखं रडले. मुलानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

जरा वेळानं त्यांनी डोळे पुसले. "उद्या दहाला जायचंच. मेंदूवाल्याकडे नाही, हृदयवाल्याकडे. त्या गोळ्यांचं त्याला सांगायला हवं."

"उद्या नाही, आत्ताच जाऊ या," काकू म्हणाल्या. त्या खुर्चीजवळ आल्या, पण हात लावायचं धाडस झालं नाही. "आणि आजची गोळी झालीय तुमची. सकाळी साडेसातला, मी दिली, पाण्याबरोबर. आता पुन्हा घेऊ नका."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. छत्तीस वर्षं चष्म्यापासून चपलेपर्यंत ज्या बाईला विचारून त्यांचा दिवस पुढे सरकायचा, ती समोर उभी होती. खरं सांगत होती, हे चिमटाताईला तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मास्तरांनी मान वळवली आणि मुलाला विचारलं, "खरं का रे? तू पाहिलंस का?"

"मी झोपलो होतो, बाबा," मुलगा म्हणाला.